लाईन आल्यावर

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये लाईन, म्हणजे वीज, जाते तेव्हा फारसं काही घडत नाही. मोटरी घरघरत थांबतात, उडणारी रुई खाली बसते, बाया तोंडावरचा फडका सोडून चहाला जातात. खरी परीक्षा लाईन परत येते तेव्हाची असते. देवळी, हिंगणघाट, सिंदी रेल्वे, पुलगाव इथल्या जिनिंगांचे पॅनल बांधण्यात माझं आयुष्य गेलं. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या कारखान्यांचा इतिहास अर्धाच सांगितला जातो, असं माझं ठाम मत आहे. गिरणी कोणी काढली, यंत्रं कुठून आली, कापूस कुठं गेला, हे सगळे सांगतात. बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू कोणी करायचं, किती थांबून आणि कोणत्या क्रमानं, हे फारसं कोणी सांगत नाही. ते शहाणपण आधी माणसांच्या हातात होतं. तिथून ते स्टार्टरच्या एका कॉइलमध्ये गेलं, मग टायमरमध्ये, आणि आज ते पीएलसीच्या, म्हणजे यंत्रांचा क्रम सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या, प्रोग्रॅममधल्या दोन-तीन ओळींत आहे.

त्या ओळी काय करतात ते आधी सांगतो. लाईन आली की पीएलसी जागा होतो आणि प्रोग्रॅम वरून खाली वाचायला लागतो. एक फेरी संपली की दुसरी, अशा सेकंदाला कितीतरी फेऱ्या. त्यातल्या अगदी पहिल्या फेरीपुरताच चालू राहणारा एक संपर्क बनवणाऱ्यानंच आत दिलेला असतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत तो एम८००२, सीमेन्सच्या एस७-२०० मध्ये एसएम०.१, ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मध्ये एस:१/१५. हा संपर्क एक बिट सेट करतो, बिट टायमर चालू करतो आणि टायमर शून्यापासून मोजायला लागतो. समजा साठ सेकंद. चाळिसाव्या सेकंदाला लाईन पुन्हा झपकली, तर पीएलसी पुन्हा जागा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. साठ सेकंद सलग लाईन टिकली, तरच पुढचं काम. आमच्याकडे पावसाळ्याच्या शेवटी लाईन कशी येते-जाते हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला या साठ सेकंदांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता मागे जाऊ. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला १८६२ मध्ये, आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं १८६६ मध्ये. पुढच्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुलगाव आणि वर्ध्यावरून नागपूरला पोचली. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. त्या काळात तिथला कापूस अडल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड आणि मध्य प्रांताकडे वळली होती. कापसासाठी सरकारनं वेगळा अधिकारीच नेमला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटच्याच नावानं विकला जाई. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणीकडे रेल्वेचा फाटा निघाला. एका टोकाला कोळसा, मध्ये कापूस आणि दुसऱ्या टोकाला मुंबईची वाट, अशी सोय झाल्यावर वाफेवरचे जिन आणि प्रेस येणारच होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हिंगणघाट आणि पुलगावला कापड गिरण्याही उभ्या राहिल्या. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी सुरू झाली, तीही मुख्यतः कापसासाठीच.

वाफेच्या कारखान्यात एकच इंजिन आणि छताखालून एक लांब शाफ्ट. शाफ्टवरच्या पुलीवरून प्रत्येक जिनला पट्टा उतरलेला. प्रत्येक जिनला शेजारी-शेजारी दोन पुली असत: एक यंत्राला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच फिरणारी, मोकळी. लाकडी दांड्यानं पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की तेवढा जिन थांबे, घट्ट पुलीवर सरकवला की चाले. इंजिन बंद पडलं, तर पहिलं काम सगळे पट्टे मोकळ्या पुलींवर नेण्याचं. मग इंजिन बिनओझ्यानं सुरू करायचं, शाफ्ट पूर्ण वेगात येऊ द्यायचा आणि एकेक पट्टा घट्ट पुलीवर घ्यायचा. सगळे पट्टे एकदम घेतले तर इंजिन दबून पुन्हा बंद पडे. आज आम्ही पीएलसीत लिहितो तो ठरावीक अंतरानं टप्प्याटप्प्यानं सुरू करण्याचा प्रोग्रॅम हाच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो पट्टे सरकवणाऱ्या माणसांच्या हातून चालत होता, आणि दोन पट्ट्यांमधला वेळ शाफ्टच्या आवाजावरून ठरत होता.

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये ऑइलमन होते. त्यांच्या काळात वाफ जाऊन क्रूड ऑइलचं इंजिन आलं होतं, पण शाफ्ट आणि पट्टे तेच. क्रम त्यांना तोंडपाठ होता: आधी सरकी वाहून नेणारा कन्व्हेअर, मग रुई ओढणारा पंखा, मग जिन, आणि सगळ्यात शेवटी कापूस. बंद करताना बरोबर उलट. कारण सोपं आहे. जिन आधी चालू झाला आणि खालचा कन्व्हेअर थांबलेलाच राहिला, तर सरकी तिथंच साचते, दाब वाढतो, चोक होतो आणि मग दोन माणसं खाली वाकून हातानं सरकी उपसत बसतात. पट्टा सरकवण्याआधी फोरमन ओरडत असे, "हात काढा बाप्पा, चालू करून रायलो!" दुसऱ्या टोकावरून उत्तर आल्याशिवाय दांड्याला हात लागत नसे. बाबा सांगत की ते उत्तर महत्त्वाचं, ओरडणं नव्हे.

त्या उत्तराची गरज कायद्याला उशिरा कळली. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिनिंग बहुतेक त्याच्या बाहेर राहिलं, आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या मजुरांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. हे मला आजही खटकतं, कारण हंगाम चार महिन्यांचा असला तरी त्यात तुटलेला हात जन्माचा असतो. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात मात्र दोन कलमं अशी आली की वाचताना आमचंच जिनिंग डोळ्यांपुढे येतं. कलम २४ पट्टा सरकवण्याच्या साधनांबद्दल आणि वीज तोडण्याच्या व्यवस्थेबद्दल होतं. जे बटण चुकून बंदवरून चालूवर सरकू शकतं ते बंद स्थितीत कुलूपबंद करता आलं पाहिजे, असं त्यात पुढे १९७६ च्या दुरुस्तीनं जोडलं गेलं. कलम २७ नं कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारा ओपनर चालतो त्या भागात बाया आणि मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. हे लिहिणाऱ्यानं चालू यंत्राजवळ उभं राहून पाहिलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

वर्ध्यातल्या मगनवाडीच्या मगन संग्रहालयात, जे १९३८ पासून आहे, सरकी काढायच्या हातचरकीजवळ मी दर वेळी थांबतो. हात थांबला की यंत्र थांबतं, हात चालला की यंत्र चालतं. पुन्हा सुरू होण्याचा प्रश्नच तिथं उद्भवत नाही. यंत्र आणि माणूस यांच्यात दूरवरून येणारी शक्ती शिरली तेव्हापासून हा प्रश्न आहे.

ती शक्ती विजेची झाली तेव्हा प्रश्न आणखी तीव्र झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, तारा गावोगावी पोचल्या, आणि हळूहळू शाफ्ट उतरवून प्रत्येक जिनला स्वतःची मोटर आली. इंजिन सुरू करणारा माणूस इंजिनापाशी असे. वीज मात्र सबस्टेशनवरून सुरू होते, आणि तिथल्या ऑपरेटरला देवळीच्या जिनमध्ये कोणाचा हात आहे हे दिसत नाही.

यावर उपाय स्टार्टरमध्ये आधीच होता: नो-व्होल्ट कॉइल. हिरवं बटण दाबलं की कॉइल संपर्क ओढून धरते, मोटर चालते. वीज गेली की कॉइल सुटते, संपर्क उघडतो आणि वीज परत आली तरी उघडाच राहतो. माणसानं पुन्हा बटण दाबावं लागतं. मला ही गेल्या शतकातली सगळ्यात दयाळू यंत्ररचना वाटते. फोरमनच्या हाकेला समोरून मिळणारं उत्तर तिनं तांब्याच्या तारेत गुंडाळलं.

आणि तीच शेतकऱ्याला जड गेली. शेतीच्या फीडरला वीज पाळीनं मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बाराला लाईन आली तर उठून वावरात जाऊन बटण कोणी दाबायचं? साप, रानडुकरं, ओल्या बांधावर उघडी तार. सेलू तालुक्यातलं बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. त्या भागातल्या शेतकऱ्याला तर अंधारात बांधावर पाय टाकायची भीती काय असते ते माहीत आहे. म्हणून ऑटो स्विच आला. लाईन आली की पंप आपोआप चालू. नो-व्होल्ट कॉइलनं जे अडवलं होतं तेच ऑटोनं मोकळं केलं, आणि मी त्याला दोष देणार नाही. कोणत्याही बापाला रात्री बाराला पोराला विहिरीवर पाठवावंसं वाटत नाही.

पण एका त्रेसष्ट केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पाच अश्वशक्तीचे दहा-बारा पंप आणि सगळ्यांना ऑटो, म्हणजे लाईन येताक्षणी सगळे पंप एकदम सुरू. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या सहा-सात पट करंट घेते. व्होल्टेज खचतं, त्यामुळे मोटरी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून जास्त करंट घेत राहतात. डीओ फ्यूज उडतो, नाही तर डीपीच जळते. मग ऐन ओलिताच्या दिवसांत सगळं शिवार कोरडं. महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना विनवत आलं आहे की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. कपॅसिटरचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. ऑटोबद्दल मात्र मी वेगळं सांगत आलो: ऑटो ठेवा, पण त्यात टायमर घाला, आणि प्रत्येक पंपाला वेगळी वेळ द्या. एकाला तीस सेकंद, दुसऱ्याला साठ, तिसऱ्याला नव्वद. आता बाजारात मिळणाऱ्या मोबाईलवरच्या स्टार्टरांत ही वेळ बदलता येते. अडचण एवढीच की डीपीवरच्या सगळ्यांनी एकत्र बसून वेळा वाटून घ्याव्या लागतात. जिथं भावकीत बोलणं आहे तिथं ते जमतं.

जिनिंगमध्ये गणित मोठं असतं. समजा पाच अश्वशक्तीच्या मोटरीचे चोवीस जिन आहेत. एक मोटर चालताना साधारण सात अँपिअर घेते, सुरू होताना चाळीसच्या वर. चोवीस एकदम सुरू केल्या तर हजार अँपिअरच्या आसपास, आणि पंखे, कन्व्हेअर, प्रेसची मोटर अजून धरलीच नाही. मोठ्या मोटरींना स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. स्टारमध्ये करंट तिसऱ्या हिश्शावर येतो आणि काही सेकंदांनी टायमर तिला डेल्टामध्ये टाकतो. आमच्या जिल्ह्यात टायमरची पहिली ओळख बहुतेक याच स्टार्टरमधून झाली. आधी हवेच्या भात्यावर चालणारे टायमर, संपर्कावर बसवलेले, स्क्रूनं वेळ कमी-जास्त करायचे. रुईचा बारीक भुगा त्यांच्या छिद्रात बसला की पाच सेकंदांचे नऊ होत. मग इलेक्ट्रॉनिक टायमर आले, आणि चार-चार जिनांचा गट करून प्रत्येक गटाला एक टायमर, असे पॅनल आम्ही बांधायला लागलो. पॅनलचं दार उघडलं की आत टायमरांची रांग. प्रत्येकाची खुंटी कोणीतरी फिरवलेली, आणि कोणी फिरवली ते कोणीच कबूल करत नसे.

पीएलसीची जन्मकथा याच त्रासातून आली आहे, फक्त फार लांबच्या गावात. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या भिंतीएवढ्या पॅनलांचा कंटाळा आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसावं लागे. बेडफोर्ड असोसिएट्सच्या डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प म्हणून ते नाव. त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय म्हणजे प्रोग्रॅम शिडीच्या आकृतीत लिहायचा, जशी आकृती वायरमन आधीपासून वाचत होते. म्हणूनच आयटीआय झालेला माझ्यासारखा माणूस पुढे पीएलसी शिकू शकला. संगणकाची भाषा शिकायची अट असती तर हा धंदा आमच्या हातून गेला असता.

वर्ध्याकडे हे वारं जोरात आलं ते कापूस तंत्रज्ञान मिशनमुळे. केंद्र सरकारनं ते २००० मध्ये सुरू केलं, आणि त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत होती. जुने जिन गेले, स्वयंचलित फीडर, प्री-क्लीनर, हायड्रॉलिक प्रेस आले. लवकरच भारनियमनाची वर्षंही आली. मंडळाचं विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण झालं, आणि त्या सुमारास लाईन जाणं-येणं हा कारखान्याच्या पाळीचा भागच बनला. लाईन गेली की डिझेल जनरेटर, लाईन आली की जनरेटर बंद. प्रत्येक वेळी मध्ये एक झपका, आणि प्रत्येक झपक्याला पीएलसीची पहिली फेरी.

इथं दोन प्रकारच्या टायमरांतला फरक जीवनमरणाचा होतो. साधा टायमर वीज गेली की आपली मोजणी विसरतो. दुसरा लक्षात ठेवतो आणि वीज आल्यावर तिथून पुढे मोजतो. एफएक्समध्ये टी२५० ते टी२५५ हे टायमर असे आहेत, ॲलन-ब्रॅडलीत त्याला आरटीओ म्हणतात. कोणता कुठं वापरायचा हे पुस्तकात असतं, पण पुस्तक आमची लाईन पाहून लिहिलेलं नसतं. एका कारखान्यात बाहेरून आलेल्या प्रोग्रॅममध्ये बेअरिंगला दर चार तासांनी ग्रीस देणारा पंप साध्या टायमरवर होता. तिथं लाईन तीन तासांहून जास्त टिकत नव्हती. म्हणजे टायमर कधी चार तासांपर्यंत पोचलाच नाही, आणि बेअरिंगला ग्रीस मिळालंच नाही. बेअरिंग इतकं तापलं की जवळची रुई काळी पडली. आग लागली नाही हे कापूस आणि माणसं दोघांचं नशीब. ग्रीसचा टायमर लक्षात ठेवणाराच हवा. लाईन स्थिर झाली का हे पाहणारा विसरणाराच हवा, कारण आधीचे चाळीस सेकंद आणि आताचे वीस मिळून साठ होत नाहीत.

हंगामाचीही एक गोष्ट. जिनिंग साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्यात बंद होतं. मधले महिने पॅनलला वीज नसते. जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम आणि लक्षात ठेवलेली मोजणी छोट्या बॅटरीवर टिकून असे. बॅटरी संपली तर पूजेच्या दिवशी बटण दाबल्यावर पीएलसी कोरा. म्हणून दर दसऱ्याला पॅनल उघडून बॅटरी बदलायची, अशी माझ्याकडे शिकलेल्या पोरांना सवय लावली. आताच्या पीएलसीत प्रोग्रॅम बॅटरीशिवाय टिकतो, तरी ती पोरं दसऱ्याला दार उघडतातच. त्यानिमित्तानं आत साचलेली रुई निघते.

आता माझा एक आग्रह. लाईन आल्यावर टायमर आपोआप सुरू व्हावा, जिन आपोआप सुरू होऊ नये. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२०४-१ हेच सांगतं: वीज परत आल्यानं यंत्र अनपेक्षितपणे सुरू होऊन धोका होणार असेल तर ते सुरू होता कामा नये. मालक म्हणतो, माणूस नसला तरी काम चालू झालं पाहिजे, उत्पादन बुडतं. मी त्याला माझा क्रम दाखवतो. लाईन आली की टायमर साठ सेकंद मोजतो. टिकली तर दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. मग दोन टोकांना दोन बटणं, आणि दोन्ही दाबल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. दुसऱ्या टोकाचं बटण म्हणजे बाबांच्या फोरमनला मिळणारं उत्तर. त्यानंतर सरकीचा कन्व्हेअर, पंखा, मग चार-चार जिन पाच सेकंदांच्या अंतरानं, शेवटी कापूस. बटणासाठी जाणारा वेळ मिनिटभराचा. चोक झालेला कन्व्हेअर उपसायला त्याहून कितीतरी जास्त लागतो.

काही ठिकाणी दुसरं बटण तारेनं बांधून कायमचं दाबून ठेवलेलं मी पाहिलं. तेव्हापासून प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: बटण भोंग्यानंतर नव्यानं दाबलं गेलं पाहिजे, आधीपासून दाबलेलं धरायचं नाही.

सध्या माझ्याकडे येणारं नवं काम सौर पंपांचं आहे. तिथं लाईन रोज सकाळी उन्हाबरोबर येते आणि प्रत्येक ढगाबरोबर जाते. कंट्रोलर दिवसातून कितीदा तरी थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. विहिरीचं पाणी खाली गेलं असेल तर झरे भरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून पुन्हा सुरू होण्याआधीची वेळ इथं सेकंदांत नाही, मिनिटांत ठेवावी लागते. आर्वीकडच्या एका शेतकऱ्यानं मागच्या आठवड्यात विचारलं, "किती ठेवू भाऊ?" मी त्याला विहीर किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजायला सांगितलं आहे. त्याचा फोन आला की आकडा ठरवू.